कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनची ॲलर्जी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीटी स्कॅन किंवा एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट द्यावं लागेल असं कळलं की बहुतेकांच्या मनात ॲलर्जीची शंका येते. त्यातल्या काही शंका रास्त असतात. काही मात्र वर्षानुवर्षं चालत आलेल्या गैरसमजातून आलेल्या असतात, आणि त्यांच्यापायी गरजेची तपासणी टाळली जाते. स्कॅन विभागात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या बाबतीतला निर्णय तुमची प्रकृती आणि जुने कागद पाहून डॉक्टर व रेडिओलॉजिस्टच घेतील.

कॉन्ट्रास्ट म्हणजे नक्की काय? त्याशिवाय स्कॅन होत नाही का?

होतो की. मुतखडा, हाडाचं फ्रॅक्चर, डोक्याला मार लागून झालेला ताजा रक्तस्राव, असं बरंच काही साध्या सीटीतच दिसतं. पण फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, यकृतातली लहान गाठ किंवा पोटात साठलेला पू आजूबाजूच्या करड्या रंगात मिसळून जातो. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलं की रक्तपुरवठ्याप्रमाणे एकेक भाग कमी-जास्त उजळतो आणि फरक दिसू लागतो.

सीटी आणि अँजिओग्राफीसाठी आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट वापरतात. आयोहेक्सॉल, आयोपॅमिडॉल, आयोप्रोमाइड, आयोडिक्सॅनॉल ही त्यातली नेहमीची नावं. एमआरआयसाठी गॅडोलिनियम या धातूपासून केलेलं कॉन्ट्रास्ट असतं. दिसायला दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, पण कुळं पूर्णपणे वेगळी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येईल. किडनी चांगली असेल तर सुमारे दोन तासांत निम्मं आणि एका दिवसात जवळपास सगळं कॉन्ट्रास्ट लघवीवाटे निघून जातं.

इंजेक्शन सुरू होताच अंग गरम झालं आणि लघवी झाल्यासारखं वाटलं. ही ॲलर्जी होती का?

नाही. सीटीमध्ये हे जवळजवळ सगळ्यांना कमी-अधिक जाणवतं. पंप सुरू झाला की सेकंदाला तीन-चार मिलिलिटर वेगाने कॉन्ट्रास्ट शिरेत जातं. थोड्याच सेकंदांत घशाशी ऊब येते, तोंडात धातूसारखी चव येते आणि ती ऊब छातीतून ओटीपोटापर्यंत उतरते. कपडे ओले झाले असंच वाटतं, आणि कितीतरी जण संकोचाने ते कोणाला सांगत नाहीत. कपडे कोरडेच असतात. मिनिटभरात सगळं ओसरतं. कॉन्ट्रास्ट रक्तापेक्षा तीव्र, म्हणजे जास्त दाट द्रावण असतं, त्यामुळे रक्तवाहिन्या थोड्या वेळासाठी रुंदावतात, एवढंच त्यामागचं कारण.

मळमळणं किंवा एखादी उलटी होणं हेही याच गटात येतं. सुई पाहून किंवा धसक्याने भोवळ येते, तीही. त्या भोवळीत रक्तदाब उतरतो आणि नाडी मंदावते. खऱ्या तीव्र ॲलर्जीत रक्तदाब उतरतो, पण नाडी सहसा धावू लागते. पेशंट पांढराफटक पडला की नर्स आधी नाडीवर बोटं ठेवते ती यासाठी. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत आणि कागदावर होणारी नोंदही वेगळी असायला हवी.

मग खरी ॲलर्जी ओळखायची कशी?

सौम्य प्रकारात अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, शिंका येतात, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे अंगभर लाल चट्टे, चेहरा किंवा ओठ सुजणं, आवाज घोगरा होणं, छातीत घरघर. तीव्र प्रकारात श्वास अडतो, घसा आवळत जातो, रक्तदाब कोसळतो, शुद्ध हरपते. यालाच ॲनाफायलॅक्सिस म्हणतात.

तीव्र रिॲक्शन येणार असेल तर ती बहुतेक वेळा पहिल्या २० मिनिटांतच येते. म्हणून स्कॅन झाल्यावर अर्धा तास थांबवून ठेवतात आणि तोपर्यंत हातातली कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) काढत नाहीत. गाडी लावून आलोय, घाई आहे, असं सांगून लवकर निघणारे खूप असतात. कृपा करून तसं करू नका. शिरेत सुई तयार नसेल तर पडत्या रक्तदाबात शीर शोधत बसण्यात मोलाची मिनिटं जातात.

आणखी एक. मशिनमध्ये असताना घशात खवखव वाटली, गिळायला जड गेलं, हाताच्या तळव्यांना खाज सुटली, तर स्कॅन बिघडेल म्हणून गप्प राहू नका. टेक्निशियन काचेपलीकडून तुमच्याकडे पाहत असतो, माइकवरून तुमचं बोलणं त्याला ऐकू जातं. लगेच सांगा. स्कॅन पुन्हा काढता येतो.

आयुष्यात पहिल्यांदाच कॉन्ट्रास्ट घेतलं, तरी ॲलर्जी कशी?

नेहमीच्या ॲलर्जीत शरीराची त्या पदार्थाशी आधी एकदा ओळख व्हावी लागते. त्या ओळखीत विशिष्ट अँटिबॉडी तयार होतात आणि पुढच्या भेटीत त्या गोंधळ घालतात. कॉन्ट्रास्टच्या बाबतीत असं काही जणांत होतं, सगळ्यांत नाही. अनेकदा कॉन्ट्रास्टचे रेणू मास्ट पेशींना (ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशींना) थेट चेतवतात आणि त्या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं एकदम रक्तात सोडतात. अँटिबॉडीची मध्यस्थी लागतच नाही. म्हणून पहिल्याच खेपेला रिॲक्शन येऊ शकते, आणि एकदा आली म्हणजे दरवेळी येईलच असंही नसतं. वैद्यकीय लिखाणात याला पुष्कळदा 'ॲलर्जीसारखी रिॲक्शन' म्हणतात. पेशंटच्या दृष्टीने लक्षणं तीच, धोका तोच आणि तातडीचे उपचारही तेच.

हे किती जणांना होतं?

भीती वाटते त्याहून पुष्कळ कमी जणांना. जुन्या आयनिक (द्रावणात विद्युतभारित कणांत सुटणाऱ्या) प्रकारच्या कॉन्ट्रास्टची तीव्रता रक्ताच्या पाचपट असायची आणि त्रासही त्या मानाने जास्त व्हायचा. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस नॉन-आयनिक, म्हणजे असे न सुटणाऱ्या रेणूंची कल्पना मांडली आणि तिथून कमी तीव्रतेची द्रव्यं विकसित होत गेली. जपानमध्ये ३ लाख ३७ हजारांहून अधिक पेशंटवर झालेला एक मोठा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयनिक कॉन्ट्रास्टने १२.६६ टक्के जणांना काही ना काही त्रास झाला होता, तर नॉन-आयनिकने ३.१३ टक्के जणांना. गंभीर त्रासाचं प्रमाण ०.२२ टक्क्यांवरून ०.०४ टक्क्यांवर आलं होतं. या आकड्यांत मळमळ आणि उलटीही धरलेली आहे, हे विसरू नका.

शिरेतून देण्यासाठी आज नॉन-आयनिक द्रव्यंच वापरली जातात. फक्त ॲलर्जीसारख्या रिॲक्शन मोजल्या तर त्या हजारात साधारण सहा जणांना येतात आणि त्याही बहुतांशी सौम्य. मृत्यूचं प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे. हे प्रमाण शून्य नाही, आणि म्हणूनच ज्या खोलीत कॉन्ट्रास्ट दिलं जातं तिथे ॲड्रेनॅलिन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन), ऑक्सिजन आणि ते वापरता येणारी माणसं हाताशी असलीच पाहिजेत. यात तडजोड नको.

मला कोळंबी आणि खेकडा चालत नाही. आयोडीनचं कॉन्ट्रास्ट चालेल का?

चालेल. हा गैरसमज इतका जुना आणि इतका पसरलेला आहे की कधी कधी आरोग्य कर्मचारीही तो प्रश्न फॉर्मवर विचारतात. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असते ती त्यांच्यातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची. माशांची असते ती मुख्यतः पार्व्हाल्ब्युमिनची. आयोडीनचा त्यात काही हात नाही. समुद्रातल्या अन्नात आयोडीन असतं आणि कॉन्ट्रास्टमध्येही असतं, एवढ्यावरून लोकांनी दोन्हींची सांगड घातली.

कसल्याही ॲलर्जीचा त्रास असलेल्या माणसाला कॉन्ट्रास्टच्या रिॲक्शनची शक्यता थोडी जास्त असते हे खरं आहे. मग ती ॲलर्जी शेंगदाण्याची असो, पेनिसिलिनची असो की कोळंबीची. कोळंबीला त्यात वेगळं स्थान नाही, आणि तेवढ्यावरून तपासणी रद्द करण्याचं किंवा रिॲक्शन टाळण्यासाठी आधी स्टेरॉइड देण्याचं कारणही नाही.

जखमेवर आयोडीनचं औषध लावलं की मला पुरळ येतं. त्याचं काय?

ते पुरळ सहसा त्या औषधातल्या इतर घटकांमुळे किंवा त्वचेची नुसती आग झाल्यामुळे येतं. कॉन्ट्रास्टशी त्याचा संबंध नाही. तरीही डॉक्टरांना सांगा, म्हणजे त्याची नोंद त्या औषधाच्या नावाने होईल.

माझ्या फाइलवर 'आयोडीन ॲलर्जी' असं लिहिलेलं आहे. आता काय?

आधी ही नोंद कशावरून झाली ते शोधा. या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयोडीन हे मूलद्रव्य शरीराला आवश्यक आहे. थायरॉइडची संप्रेरकं त्याच्याशिवाय तयारच होत नाहीत. सुट्या आयोडीनची ॲलर्जी असलेला माणूस जगू शकला नसता. कॉन्ट्रास्टची रिॲक्शन येते ती त्या संपूर्ण रेणूची, आणि प्रत्येक कंपनीच्या रेणूची ठेवण थोडी वेगळी असते. त्यामुळे 'आयोडीन ॲलर्जी' या दोन शब्दांतून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. त्या माणसाला गांधी उठल्या होत्या की श्वास बंद पडला होता? की फक्त उलटी झाली होती? की लहानपणी कोणीतरी कोळंबीवरून अंदाज बांधला होता? चारही शक्यतांमध्ये पुढचा निर्णय वेगळा असतो. माहिती नसेल तर डॉक्टर सगळ्यांत वाईट शक्यता धरून चालतात आणि गरज असताना कॉन्ट्रास्ट टाळलं जातं, किंवा विनाकारण स्टेरॉइड दिले जातात. निदान राहून जाण्याचा धोका पुष्कळदा रिॲक्शनच्या धोक्याहून मोठा असतो.

म्हणून रिॲक्शन आली असेल तर त्या विभागातून लिहून घ्या: द्रव्याचं पूर्ण नाव, किती मिलिलिटर दिलं, कोणत्या तारखेला, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी काय झालं, नाडी-रक्तदाब किती होता, कोणतं औषध दिलं आणि बरं वाटायला किती वेळ लागला. उदाहरणार्थ अशी नोंद: 'सीटी, आयोहेक्सॉल ८० मिलिलिटर. पाच मिनिटांनी छाती व हातांवर गांधी, खाज. श्वास, रक्तदाब ठीक. अँटिहिस्टामिन दिलं, तासाभरात गांधी गेल्या.' ही तीन ओळींची चिठ्ठी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि कागदाची प्रत पाकिटात ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात रात्री दोन वाजता हीच उपयोगी पडते.

जुनी नोंद असेल आणि कोणालाच काही आठवत नसेल, तर त्या हॉस्पिटलात जुने कागद मागा. तेही नसतील तर घरच्यांना विचारा. 'आईला तेव्हा ऑक्सिजन लावला होता, रात्रभर ठेवून घेतलं होतं' एवढं कोणी सांगितलं तरी त्यातून बरंच कळतं.

धोका कोणाला जास्त असतो?

सर्वांत मोठा इशारा म्हणजे त्याच कुळातल्या कॉन्ट्रास्टची आधी आलेली रिॲक्शन. अशा माणसाला पुन्हा त्रास होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पाचपट धरतात. दमा किंवा इतर ॲलर्जी असेल तर साधारण दोन-तीनपट. मूळ प्रमाणच इतकं कमी आहे की दोन-तीनपट होऊनही ते कमीच राहतं. पण त्या दिवशी दमा उसळलेला असेल, छातीत घरघर असेल आणि तपासणी तातडीची नसेल, तर ती पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

बीटा ब्लॉकर गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगा. त्या गोळ्यांमुळे रिॲक्शनवेळी ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी पडू शकतो आणि मग ग्लुकॅगॉनसारखं औषध लागतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

मागच्या वेळी रिॲक्शन आली होती आणि आता पुन्हा सीटी सांगितला आहे. काय पर्याय आहेत?

रेडिओलॉजिस्ट आधी विचार करतात तो कॉन्ट्रास्टशिवाय काम भागेल का याचा. नाही भागलं तर सोनोग्राफी किंवा एमआरआयने तेच उत्तर मिळेल का ते पाहतात. तेही जमत नसेल तर दोन उपाय उरतात. एक, त्याच कुळातलं पण वेगळं द्रव्य वापरणं. दुसरा, आधी स्टेरॉइड देणं.

द्रव्य बदलण्याचा फायदा बऱ्याच अभ्यासांतून पुढे आला आहे, आणि अलीकडे कल या उपायाकडेच झुकतो आहे. माझंही मत तेच आहे. पण द्रव्य बदलायचं तर आधीचं कोणतं होतं ते ठाऊक हवं, म्हणून पुन्हा त्या चिठ्ठीपाशीच येतो. कोणतं निवडायचं हेही डोळे मिटून ठरवता येत नाही. आयोहेक्सॉल आणि आयोडिक्सॅनॉल यांच्या रेणूंची ठेवण एकमेकांच्या जवळची आहे, त्यामुळे एकाची रिॲक्शन आली असताना दुसरं घेण्यात फारसा अर्थ नसतो.

आधीची रिॲक्शन फक्त ऊब, मळमळ किंवा भोवळ एवढीच असेल तर यातलं काहीच लागत नाही. आधी जीवघेणी रिॲक्शन येऊन गेली असेल तर मात्र, स्टेरॉइड घेऊनसुद्धा, तेच द्रव्य पुन्हा देऊ नये.

स्टेरॉइडच्या गोळ्या कशा देतात? त्या घेतल्या की रिॲक्शन येतच नाही ना?

येऊ शकते. या गोळ्यांनी शक्यता कमी होते, मुख्यतः सौम्य रिॲक्शनची. हमी मिळत नाही. काही देशांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यांचा समावेश आहे, तर युरोपातले तज्ज्ञ त्यांची शिफारस करत नाहीत. त्यामुळे दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या तर गोंधळून जाऊ नका, दोघांनाही आधार आहे.

प्रौढांसाठी प्रचलित वेळापत्रक असं: प्रेडनिसोन ५० मिलिग्रॅम स्कॅनच्या १३ तास, ७ तास आणि १ तास आधी, शेवटच्या गोळीबरोबर एक अँटिहिस्टामिन. ही माहिती फक्त समजावी म्हणून दिली आहे, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. वेळेचं महत्त्व इतकं की स्कॅनच्या तासाभर आधी पहिली गोळी घेतली तर तिचा जवळपास उपयोग नाही. स्टेरॉइडला परिणाम दाखवायला निदान चार-पाच तास लागतात. मधुमेह असेल तर पुढचे एक-दोन दिवस साखर वाढलेली दिसेल. अँटिहिस्टामिनने झोप येते, तेव्हा गाडी चालवायला सोबत कोणीतरी आणा.

आधी थोडंसं देऊन 'टेस्ट डोस' करून पाहता येत नाही का?

असं पूर्वी करत. त्यावरून काहीच कळत नाही. टेस्ट डोस निर्धोक गेलेल्या माणसाला पूर्ण डोसवर तीव्र रिॲक्शन येऊ शकते, आणि एखाद्याला त्या थेंबभर डोसनेच येऊ शकते. त्यातून मिळतो तो खोटा दिलासा.

ॲलर्जीतज्ज्ञ करतात ती त्वचेची चाचणी वेगळी. मध्यम किंवा तीव्र रिॲक्शन येऊन गेलेल्या माणसात, साधारण एक ते सहा महिन्यांच्या आत, वेगवेगळी द्रव्यं त्वचेवर टोचून पाहतात. कोणतं द्रव्य दोषी आणि कोणतं पर्याय म्हणून चालण्याजोगं, याचा त्यातून चांगला अंदाज येतो. फार उशीर केला तर चाचणीची संवेदनशीलता कमी होत जाते. ज्यांना आधी कधीच त्रास झाला नाही त्यांनी हौसेने ही चाचणी करून घेऊ नये.

रिॲक्शन आलीच तर तिथे काय करतात?

चार-दोन गांधी असतील तर नुसतं लक्ष ठेवतात. खाज त्रास देत असेल तर अँटिहिस्टामिन. छातीत घरघर असेल तर ऑक्सिजन आणि श्वासनलिका मोकळी करणारं औषध.

श्वास, घसा किंवा रक्तदाब यांपैकी काही बिघडलं की पहिलं औषध ॲड्रेनॅलिन. प्रौढांना मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणातलं ०.३ ते ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. पेशंटला आडवं करून पाय वर उचलतात, शिरेतून सलाइन जोरात सोडतात. अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड नंतर येतात. त्यांनी घशाची सूज वेळेत उतरत नाही आणि रक्तदाब चढत नाही. ॲड्रेनॅलिन द्यायला कचरल्यामुळे माणसं दगावतात. योग्य डोस स्नायूत दिला तर काही वेळ छातीत धडधड आणि हातांना कापरं, यापलीकडे सहसा काही होत नाही. तुमच्या नातेवाइकाला ते देत असतील तर हात धरू नका, देऊ द्या.

सावरल्यावरही काही तास ठेवून घेतात, कारण काही जणांत लक्षणं ओसरून पुन्हा उसळतात. एक-दोन तासांच्या आसपास रक्तात ट्रिप्टेज (मास्ट पेशींतून सुटणारं एक द्रव्य) तपासायला नमुना घेतला तर मास्ट पेशी खरंच चेतवल्या गेल्या होत्या का, याचा पुरावा मिळतो. पुढे ॲलर्जीतज्ज्ञाकडे जायचं असेल तर हा रिपोर्ट सोबत असू द्या.

घरी आल्यावर दोन दिवसांनी पुरळ उठलं. आता काय संबंध?

असू शकतो. तासाभरानंतर ते आठवड्याभरापर्यंत उशिराची रिॲक्शन येऊ शकते. ती टी पेशींमुळे (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमुळे) येते, हिस्टामिनमुळे नव्हे. बहुतेकदा छाती-पाठीवर खाजरं पुरळ उठतं आणि काही दिवसांत आपोआप जातं. डॉक्टरांना दाखवा, मधल्या काळात एखादं नवं अँटिबायोटिक घेतलं असेल तर तेही सांगा, कारण दोषी ते औषधही असू शकतं.

मात्र ताप असेल, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले असतील, कातडी सोलवटत असेल, चेहरा सुजला असेल तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. असं क्वचितच होतं, पण झालं तर ते द्रव्य पुन्हा कधीच घ्यायचं नसतं.

एमआरआयच्या कॉन्ट्रास्टचं काय? सीटीच्या कॉन्ट्रास्टची रिॲक्शन आलेल्याला ते चालतं का?

चालतं. गॅडोलिनियमचा आणि आयोडीनच्या कॉन्ट्रास्टचा एकमेकांशी संबंध नाही. एकाची रिॲक्शन आली म्हणून दुसरं नाकारू नये. गॅडोलिनियमच्या ॲलर्जीसारख्या रिॲक्शन सीटीच्या कॉन्ट्रास्टपेक्षाही कमी येतात. येतात तेव्हा स्वरूप तेच असतं.

एक व्यावहारिक फरक मात्र आहे. एमआरआयच्या खोलीत चुंबक सतत चालू असतं, त्यामुळे ऑक्सिजनचा साधा सिलिंडर किंवा इमर्जन्सी ट्रॉली आत नेताच येत नाही. त्रास सुरू झाला की पेशंटला आधी टेबलासकट किंवा स्ट्रेचरवरून बाहेर काढतात आणि उपचार बाहेर होतात. म्हणून तिथे मदत बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा जरा लवकरच दाबा.

गॅडोलिनियममुळे कातडी कडक होण्याचा आजार होतो असं काहींनी वाचलेलं असतं. तो आजार खरा आहे. किडनी जवळपास निकामी झालेल्यांमध्ये, प्रामुख्याने जुन्या रेषीय रचनेच्या द्रव्यांमुळे तो होत असे, आणि हा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. ती ॲलर्जी नव्हे. वलयाकार रचनेच्या द्रव्यांमध्ये गॅडोलिनियमचा अणू घट्ट जखडलेला असतो आणि त्यांच्यामुळे हा धोका अत्यंत कमी झाला आहे.

पोटाच्या तपासणीत प्यायला देतात ते बेरियम, किंवा सोनोग्राफीचं कॉन्ट्रास्ट?

बेरियम आतड्यातून रक्तात जात नाही, रिॲक्शन फार दुर्मीळ, आणि आलीच तर सहसा त्यातल्या स्वादाच्या किंवा घट्टपणासाठी घातलेल्या पदार्थांमुळे. सोनोग्राफीसाठी वायूचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून देतात. त्यांच्या काही प्रकारांत पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं. पोट साफ करण्याच्या काही औषधांतही तेच असतं. त्या औषधाने कधी तीव्र ॲलर्जी झाली असेल तर जरूर सांगा.

कॉन्ट्रास्टने किडनी बिघडते म्हणतात. तीही ॲलर्जीच का?

नाही, तो वेगळा विषय आहे, आणि स्टेरॉइडने त्यात फरक पडत नाही. किडनीचं काम दर्शवणारा ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर किंवा किडनीला अचानक इजा झालेली असेल तर जपावं लागतं. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी अशाच पेशंटमध्ये ४८ तास थांबवून, किडनी पुन्हा तपासून मग सुरू करतात. किडनी ठीक असलेल्यांनी ती बंद करण्याची गरज नसते.

थायरॉइडचा आजार असेल तर?

थायरॉइड कमी काम करत असेल आणि गोळी चालू असेल तर अडचण नाही. हायपरथायरॉइड (थायरॉइड जास्त काम करणं) असेल, किंवा रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा उपचार ठरलेला असेल, तर सीटीच्या कॉन्ट्रास्टआधी सांगा. तो उपचार ठरला असेल तर त्याआधीचे निदान दोन महिने असं कॉन्ट्रास्ट टाळतात.

इंजेक्शनच्या जागी हात सुजला आणि दुखू लागला. ही ॲलर्जी?

नाही. शिरेबाहेर कॉन्ट्रास्ट झिरपलं. हात उंच ठेवा, थंड शेक द्या. बोटं बधिर झाली, फोड आले किंवा सूज वाढत राहिली तर लगेच परत या.

बाळाला अंगावर पाजते आहे. दूध बंद ठेवू का?

गरज नाही. आईला दिलेल्या कॉन्ट्रास्टच्या एक टक्क्याहूनही कमी भाग दुधात उतरतो, आणि त्यातलाही अगदी नगण्य अंश बाळाच्या आतड्यातून शोषला जातो. गरोदर असाल तर मात्र आधी सांगा. गॅडोलिनियम त्या काळात अगदी अडलं तरच देतात.

लहान मुलांचं काय?

त्यांच्यात रिॲक्शन मोठ्यांपेक्षा कमी येतात. पण चिमुरड्याला 'घसा आवळतोय' असं सांगता येत नाही. ते चिडचिड करतं, खोकतं, कान किंवा मान खाजवतं, एकदम मलूल होतं. आई-वडिलांना आपल्या मुलाचं वागणं सर्वांत चांगलं ठाऊक असतं. काहीतरी वेगळं वाटलं तर नर्सला बोलवा, उगाच त्रास देतोय असं मनात आणू नका.

तातडीची वेळ असेल आणि १३ तास थांबायला सवडच नसेल तर?

महाधमनी फाटल्याची शंका असेल, मेंदूची रक्तवाहिनी तुंबली असेल, तर कोणी १३ तास थांबणार नाही आणि थांबूही नये. वेळ असेल तेवढ्यात शिरेतून स्टेरॉइड देतात. तो परिणामकारक ठरायला चार-पाच तास लागतात, म्हणून त्याहून कमी वेळात दिलेल्या डोसवर कोणी विसंबून राहत नाही. आधीचं द्रव्य माहीत असेल तर दुसरं निवडतात. डॉक्टर टेबलापाशी उभे राहतात, ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवतात आणि स्कॅन करतात. अशा वेळी पेशंट स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसतो. सोबतच्या माणसाला ती चिठ्ठी कुठे आहे ते ठाऊक असेल, तर द्रव्य निवडायला तेवढी मदत पुरते.